पक्ष, साध्य, सिद्धता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. पण सकाळपासून तुमच्यापैकी चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारला, म्हणून त्यावरच बोलते. मुलं इंजिनिअर झाली, मार्क चांगले आहेत, लेखी चाचणीही पार करतात. मग मुलाखतीत का अडकतात? एका मैत्रिणीचा प्रश्न तर स्वतःबद्दलच होता : दहा वर्षं घरी होते, आता मला कोण नोकरी देणार?

बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी मुलाखती घेते आहे. तिथून जे दिसतं ते सांगते.

आपली सगळी शाळा लेखी परीक्षेवर चालली. तोंडी परीक्षेची धास्ती कुणी घेतली नाही. मुलाखत मात्र तोंडीच असते. एकदा एक मुलगी आली होती. प्रश्न दिल्यावर दहा मिनिटं मान खाली घालून लिहीत बसली. उत्तर बरोबर आलं. “कसं काढलंस?” विचारलं, तर गप्प. तिच्या हुशारीबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. पण कामावर आपला विचार चार जणांना समजावून सांगावा लागतो, आणि ते तिला जमेल असं आम्हाला काही दिसलं नव्हतं. तिची निवड झाली नाही. याची रुखरुख मला अजून आहे, कारण तिला नेमकं जे हवं होतं ते आपल्याला इथे भूमितीच्या तासाला शिकवलं होतं.

प्रमेय सोडवायला फळ्यापाशी बोलावलं की सर आधी काय लिहायला लावायचे? पक्ष, साध्य, मग सिद्धता. आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. मुलाखतीत हेच करायचं, फक्त मोठ्याने.

समजा विचारलं, हजार आकड्यांच्या यादीत एखादा आकडा दोनदा आला आहे का ते शोधा. आधी पक्ष : यादी क्रमाने लावलेली आहे का? पुढे ती किती वाढू शकते? हे विचारण्यात कमीपणा नाही, आम्ही त्याचीच वाट पाहत असतो. साध्य : नुसतं हो-नाही हवं, की आकडाही सांगायचा? मग सिद्धता. प्रत्येक आकडा उरलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहिला तर जास्तीत जास्त ४,९९,५०० तुलना होतात. उत्तर मिळेल, पण वेळखाऊ आहे, हे आपणच सांगावं. पाहिलेले आकडे हॅश टेबलमध्ये नोंदवत गेलो तर यादी एकदाच वाचून भागतं. बदल्यात मेमरी जास्त लागते. असं बोलत बोलत जाणारा एखाद्या पायरीवर अडला तरी कुठे अडला ते आम्हाला कळतं, आणि हात देता येतो.

दुसरी तयारी स्वतःच्या कामाची. नोकरीच्या जाहिरातीतली एकेक अपेक्षा कागदावर डावीकडे लिहा आणि तिच्यासमोर आपण केलेलं एक काम. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, त्यातून काय झालं, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आपल्याला ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय आहे. मुलाखतीत ‘मी’ म्हणावं लागतं, कारण नोकरी एकाला द्यायची असते. आणि बायोडेटात जे लिहिलं त्यावर प्रश्न येणारच. उत्तर देता येणार नाही ते लिहू नये.

माझ्या मैत्रिणीला सांगते : मधली दहा वर्षं एका वाक्यात, मान वर करून सांग आणि लगेच गेल्या सहा महिन्यांत काय नवं शिकलीस ते दाखव. काही दारं तरीही उघडणार नाहीत. पण असा खंड पडलेल्या स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्ये वेगळी इंटर्नशिप योजना काढली, आणि पुढे इतर कंपन्यांनीही अशा योजना आणल्या. त्या आधी शोध.

इंग्रजीची भीती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. व्याकरण चुकल्यामुळे मी कुणाला नाकारलेलं नाही. प्रश्न कळला नाही तर “मला असं समजलं, बरोबर आहे का?” एवढं इंग्रजीत विचारता आलं की पुष्कळ झालं. हे वाक्य पाठ करून ठेवावं.

पालकांनो, तुम्हाला संगणकातलं कळत नाही ही अडचण नाही, उलट सोय आहे. रोज वीस मिनिटं मुलासमोर बसा, त्याला त्याचं काम सांगायला लावा आणि जिथे कळणार नाही तिथे ‘का?’ विचारा. चिडेल, पण आठवड्याभरात त्याचं बोलणं सुधारेल. सर आणि बाईंना विनंती, आताच्या मुलांनाही फळ्यापाशी बोलतं करा.

माझ्याकडून एवढंच : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी आपल्या शाळेच्या मुलांच्या आणि आपल्या मुलांच्याही सराव मुलाखती ऑनलाइन घेईन. आपल्या बॅचमधलं कुणी पुन्हा नोकरी शोधत असेल तर त्यांनीही संकोच न करता यावं. नावं आजच माझ्याकडे द्या.