पाहुणे यंत्र मंद का चालते?



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींनी आम्हांला दारातच गाठले आणि "हे काय नवीन काढलेत?" म्हणून विचारले. प्रश्न रास्त आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हा पोटातला संगणक कधी कधी वरकरणी काहीही कारण नसता मंद चालतो. विषय एवढाच. परंतु ते कारण शोधताना माणसे कशी चकतात, आणि एका प्रकरणात पुष्कळ जाणती माणसे वर्षानुवर्षे कशी चकली, याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली, आणि तिच्यामुळे एका मोठ्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास निर्माण करता येई. लिनक्समध्ये ही सोय केव्हीएम या नावाने २००७ साली आली. मूळ यंत्राला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ यजमान, आणि आतल्या यंत्राचे नाव पाहुणा. नावे मोठी समर्पक आहेत, आपणही तीच वापरू.

आता हा पाहुणा विलक्षण आहे. आपण पाहुणे आहोत हे त्याला ठाऊकच नसते. सारा वाडा आपलाच, अशी त्याची समजूत. त्याने पाणी मागितले की यजमान पडद्याआड उठतो, विहिरीवर जातो आणि घागर आणून ठेवतो. साध्या कामाला हे चालते. पण पडद्यावर चित्रे रंगविणारे ग्राफिक्स कार्ड असे दुसऱ्याच्या हातून चालवू लागलो तर रहाट थांबतच नाही. म्हणून यजमानाने आपला हक्क सोडून ते कार्ड पाहुण्याच्या थेट हवाली करावे, अशी युक्ती निघाली. लिनक्समध्ये २०१२ सालापासून व्हीएफआयओ नावाची यंत्रणा हे काम करते. कार्डाने भलत्याच्या खोलीत शिरू नये म्हणून आयओएमएमयू नावाचा द्वारपाल प्रोसेसरातच बसविलेला असतो.

कोणी म्हणेल, हा खटाटोप कशासाठी? घरी लिनक्स वापरणाऱ्या एखाद्या गृहस्थाला नकाशे काढावयाचे असतात, चित्रफिती जुळवावयाच्या असतात, मुलांना खेळ हवे असतात, आणि त्यांचे कार्यक्रम विंडोजवरच चालतात. दुसरे यंत्र घेण्याऐवजी दुसरे कार्ड घ्यावे आणि विंडोजला पाहुणा म्हणून घरात ठेवावे, हा त्याचा हिशेब. हिशेब चूक नाही. सारे जुळले तर पाहुण्याचा वेग खऱ्या यंत्राच्या अगदी जवळ जातो. आणि म्हणूनच जुळले नाही की माणूस हवालदिल होतो.

अशा वेळी आमच्या मते पहिला प्रश्न "काय बदलू?" हा नव्हे, तर "नेमके काय मंद आहे?" हा आहे. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या यंत्राचा पाहुणा रेंगाळू लागला, तेव्हा आम्ही एका रात्रीत सहा गोष्टी बदलल्या. पहाटे तो सुरळीत चालू लागला, आणि कशामुळे चालू लागला हे आम्हांला सांगता येईना! पुढे एकेक बदल उलटा फिरवून पाहिला, तेव्हा पाच बदल निरर्थक निघाले. यजमानाचा प्रोसेसर वीज वाचविण्यासाठी कमी गतीवर बांधून ठेवलेला होता, आणि तो आम्हीच ठेवलेला होता.

नेहमीची कारणे थोडक्यात सांगून टाकतो. पाहुण्याचे आभासी प्रोसेसर यजमान सोयीप्रमाणे या कोरवरून त्या कोरवर हलवीत असतो, त्यामुळे जवळ जमविलेला डेटा दर वेळी मागे राहतो. ते ठराविक कोरांशी बांधून टाकावेत. डिस्क जुन्या पद्धतीच्या डिस्कची नक्कल म्हणून दिली असेल, तर तिच्याऐवजी पाहुण्यांसाठीच रचलेली व्हर्टिओ पद्धत वापरावी. स्मृतीची पाने मोठी घ्यावीत: आठ गिगाबाइट स्मृती चार किलोबाइटच्या पानांनी मांडली तर २०,९७,१५२ पाने होतात, दोन मेगाबाइटच्या पानांनी मांडली तर ४,०९६. आणखी एक. कार्ड रिकामे बसले असता वीज वाचविण्यासाठी त्याची वाट आपण होऊन मंदावते. तेवढ्यात वेग मोजून घाबरू नये. कामाला लावून मग मोजावे.

आता मुख्य हकिकतीकडे वळू. ती एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांवरील आहे.

पाहुण्याजवळ स्मृतीच्या पत्त्यांची एक वही असते. पण त्याचे पत्ते काल्पनिक, म्हणून खऱ्या पत्त्यांची दुसरी वही यजमानाजवळ असावी लागते. पूर्वी यजमान या दोहोंची मिळून तिसरी वही तयार करी, आणि पाहुण्याने आपल्या वहीत खाडाखोड केली की त्याला थांबवून ही तिसरी दुरुस्त करी. कारकुनी फार. २००७ पासून एएमडीच्या प्रोसेसरांत एनपीटी नावाची सोय आली: दोन्ही वह्या प्रोसेसर स्वतःच वाचतो. एरवी चार ठिकाणी पाहून सापडणाऱ्या पत्त्यासाठी वाईटात वाईट स्थितीत चोवीस ठिकाणी पाहावे लागते खरे; पण यजमानाची धावपळ वाचते, आणि एकंदरीत फायदाच होतो.

परंतु कार्ड थेट हवाली केलेल्या मंडळींना चमत्कारिक अनुभव येऊ लागला. एनपीटी चालू ठेवली तर आकडेमोड झपाट्याने होई, पण चित्रे अडखळत. एनपीटी बंद केली तर चित्रे सुरेख, पण प्रोसेसरचे काम ढेपाळे. इंटेलच्या यंत्रांवर हा प्रकार नव्हता. मग उपाय म्हणून जो तो एनपीटी बंद करण्याचा सल्ला देऊ लागला. दोन मंदपणांपैकी आपल्याला सोसेल तो पत्करावा, अशी ही तडजोड होती. मार्च २०१७ मध्ये रायझेन प्रोसेसर आले. आठ कोर असलेले ते प्रोसेसर एका घरात दोन यंत्रे नांदविण्यास मोठे सोयीचे; त्यामुळे ही कुचंबणा आणखी लोकांच्या वाट्यास आली. दोष सिलिकॉनमध्येच असावा, असा समज होणेही साहजिक होते.

खरे पाहता खूण डोळ्यांसमोरच होती. पत्त्यांच्या वहीचा चित्रांशी संबंध काय? संबंध असा की, त्या वहीत केवळ पत्ते नसतात. त्या त्या पानाशी कसे वागावे हेही लिहिलेले असते. साध्या स्मृतीतील मजकूर प्रोसेसर जवळ साठवून ठेवू शकतो. कार्डाच्या स्मृतीबाबत तसे करून भागत नाही, लिहिलेले तिकडे पोहोचलेच पाहिजे. पण पोहोचविण्याचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक लहानसा लेख एकटा रवाना होतो, जणू प्रत्येक पोस्टकार्डासाठी गडी पोस्टात धावतो. दुसऱ्यात चौसष्ट बाइटची थैली भरू देतात आणि ती एकदम पाठवितात. याला राइट कंबाइनिंग म्हणतात. चित्राचे ठिपके कोणत्या क्रमाने पोहोचले याला महत्त्व नसते, म्हणून कार्डाला हा दुसरा प्रकार फार मानवतो.

वागण्याच्या या प्रकारांची आठ रकान्यांची एक यादी प्रोसेसरात असते, तिचे नाव पीएटी. वहीत फक्त रकान्याचा क्रमांक लिहावयाचा, अर्थ यादीत पाहावयाचा. पाहुणा सुरुवातीलाच ही यादी आपल्या सोयीने बदलतो आणि एका रकान्यात थैलीचा प्रकार लिहितो. केव्हीएम ते नोंदवून घेई. पाहुण्याने पुन्हा विचारले तर तेच वाचूनही दाखवी. मात्र प्रोसेसरला ते कळवीत नसे! प्रोसेसर आरंभीच्याच यादीने चाले, आणि त्या यादीत थैलीचा प्रकार मुळीच नाही. कचेरीत अर्जाची नोंद चोख व्हावी, पोच मिळावी, आणि अर्ज मात्र कोठीपर्यंत जाऊच नये, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पाहुण्याच्या आत बसून कितीही तपासले तरी काही बिघडलेले दिसत नसे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये एका वापरणाऱ्याच्या ध्यानात ही सांगड आली, आणि केव्हीएमचे व्यवस्थापक पाओलो बोन्झिनी यांनी दुरुस्ती लिहिली. मोजक्या ओळींची दुरुस्ती: पाहुण्याने यादी बदलली की ती प्रोसेसरलाही कळवावी. सोबतच्या टिपणात त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे की, ही तक्रार बरीच वर्षे येत होती. त्या मोकळेपणाचे आम्हांला कौतुक वाटते. चिपमध्ये काही उणे नव्हते.

मौज अशी की दुरुस्ती झाली तरी जुना सल्ला मेला नाही. कोणीतरी त्या काळी एनपीटी बंद केलेली असते, ती ओळ एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नकलून घेतली जाते, आणि नव्या यंत्रावरचा पाहुणा जुन्या रोगाच्या औषधाने आजारी पडतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी एएमडीच्या यंत्रावर असा पाहुणा असेल, आणि त्याची चित्रे ठीक पण बाकीचे काम जड चालत असेल, तर त्यांनी आज घरी जाऊन केव्हीएमच्या मांडणीत एनपीटी चालू आहे की बंद एवढे पाहावे. बंद असेल तर तेवढीच एक गोष्ट बदलावी, आधीचा आणि नंतरचा वेग कागदावर लिहून ठेवावा, आणि त्या रात्री दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. कोरांच्या बांधणीविषयी ज्या तरुण मित्रांनी आधीच चिठ्ठ्या पाठविल्या आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाजवळ यावे. आकृती काढून दाखविण्यास फळा आणि खडू येथेच आहेत.