दहा बाय बाराची खोली, एक लहान मूल आणि एक कुत्रा

लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल तर एक कान बाहेर ठेवा, स्टेशन चुकायला नको.

आजचा विषय म्हणजे घरात लहान मूल आणि कुत्रा, दोघंही. मी परळला राहते. आमच्या घरात आई, दादा, वहिनी, मी, दादाची अडीच वर्षांची मुलगी आणि बंड्या. बंड्या म्हणजे चाळीच्या आवारात वाढलेला आणि मग आमच्याच दारात मुक्काम ठोकलेला देशी कुत्रा. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते आमच्या घरात रोज चालतं.

या विषयावर नेटवर शोधलंत तर पहिला सल्ला मिळतो, ‘कुत्र्याला वेगळी खोली द्या.’ आता सांगा, कुठली वेगळी खोली? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गिरगावच्या वाडीत, लालबागच्या चाळीत, दादरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळीकडे तीच गत. पुनर्विकासात मोठी जागा मिळाली तरी माणसंही तेवढीच वाढलेली असतात. पण त्या सल्ल्यामागचं कारण अगदी खरं आहे, आणि लहान घरात तर जास्तच खरं आहे. म्हणून आधी ते कारण समजून घेऊ.

कुत्र्याला एखादी गोष्ट नकोशी झाली की त्याचा पहिला उपाय असतो उठून लांब जाणं. तो चावतो ते बहुतेक वेळा लांब जायला जागा उरली नाही म्हणून. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत आणि समोरून मूल रांगत येतंय. आपल्याला वाटतं, ‘आमचा फार शांत आहे, काही करत नाही.’ तो शांत असतो, कारण एरवी त्याला निघून जाता येतं.

चावण्याआधी तो सांगतोही. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खायला काही नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. मान वळवतो. डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसायला लागतो. कान मागे, शेपटी पायांत. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे एकदम ताठ होऊन थांबणं. अंग ताठ आणि शेपटी हलतेय, तर तो खूश आहे असं समजू नका.

एक काम करा. हा भाग संपला की कुठलीही ‘क्यूट’ रील उघडा, ज्यात बाळ कुत्र्याच्या गळ्यात पडलंय. बाळाकडे बघू नका, फक्त कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. बऱ्याच रीलमध्ये तो मान फिरवून जीभ चाटत असतो. खाली हजार बदाम पडलेले असतात आणि तो बिचारा सुटका शोधत असतो.

मग येतं गुरगुरणं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची नोटीस. आपल्याकडे लगेच काय होतं? ‘लेकरावर गुरगुरतोस?’ म्हणून त्याला फटका बसतो. असं चार वेळा झालं की तो नोटीस द्यायचं बंद करतो आणि पुढच्या वेळी थेट दात लावतो. म्हणून गुरगुरला की मुलाला शांतपणे उचला, लांब न्या. कुत्र्याला मारू नका. नंतर बघा की त्याला त्रास कशाचा झाला. कान दुखतोय? कंबर धरलीय? वय झालंय? दुखणं असेल तर डॉक्टरकडे न्या. आपल्या परळला बैलघोडा हॉस्पिटल आहेच, म्हणजे कागदोपत्री बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय.

आता जागेचं बघू. चाळीतल्या कुत्र्याची लाडकी जागा ठरलेली असते, खाटेखाली. तीच त्याची खोली समजा. फक्त अडचण अशी की मूलही खाटेखाली सहज शिरतं. म्हणून खाटेची एक बाजू भिंतीला, दुसरीला आडवी फळी, आणि कुत्र्याला आत-बाहेर करायला पायथ्याकडची बाजू मोकळी, तीही मुलाला सहज पोचता येणार नाही अशी. रांगतं मूल गॅलरीत जाऊ नये म्हणून आपण दाराला आडवी फळी लावतोच की, तशीच. आमच्याकडे सुताराने अर्ध्या दिवसात केलं. आणि घरातल्या सगळ्यांना एकच नियम, बंड्या खाटेखाली गेला की त्याला कोणी हाक मारायची नाही, ओढायचं नाही, आत हात घालायचा नाही. आईनेसुद्धा नाही.

बरेच जण म्हणतात, ‘आम्ही बांधूनच ठेवतो.’ पाहुणे आले की साखळी खाटेच्या पायाला. पण बांधलेल्या कुत्र्याला लांब जाता येत नाही, मुलाला मात्र त्याच्यापर्यंत जाता येतं. म्हणजे आपण नेमकी नको ती परिस्थिती तयार करतो. बांधायचंच असेल तर मूल पोचणार नाही अशा ठिकाणी, आणि मोठं माणूस जवळ असतानाच.

आता मोठं माणूस जवळ असणं म्हणजे काय? हातात मोबाईल, मान खाली आणि तोंडाने ‘हो हो, बघतेय मी’, हे लक्ष ठेवणं नव्हे. दोघं जमिनीवर असतील तर तुम्हीही जमिनीवर, दोघांच्या मधे. भाजी ढवळायला उठायचंय? मूल कडेवर घ्या, नाहीतर कुत्र्याला फळीच्या आत पाठवा. पाच मिनिटांसाठीसुद्धा. लहान मुलांना चावा बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा घेतो, आणि मुलाचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्यामुळे जखम चेहऱ्याला, मानेला होते.

तीन वेळा तर मूल कुत्र्याजवळ जाताच कामा नये. तो जेवत असताना, झोपलेला असताना आणि तोंडात काही धरलेलं असताना. उलट बाजूनेही तेच. मुलाच्या हातातली पोळी कुत्र्याच्या नाकासमोर येते, म्हणून मूल खात असताना कुत्रा फळीच्या आत.

मुलांना काय शिकवायचं? ‘स्टॅच्यू’ आपण सगळेच खेळलोय. कुत्रा अंगावर आला, उड्या मारायला लागला की स्टॅच्यू! हात छातीशी, नजर स्वतःच्या पायांकडे, पळायचं नाही, ओरडायचं नाही. खाली पडलं तर दगड व्हायचं, म्हणजे पोटाशी गोळा होऊन हातांनी मान आणि कान झाकायचे. हे गॅलरीत खेळ म्हणून रोज घ्या. आणि कुरवाळायचं असेल तर कुत्र्याला आपल्याकडे येऊ द्यायचं, खांद्यापाशी तीनपर्यंत मोजत खाजवायचं आणि थांबायचं. तो परत जवळ सरकला तर आणखी तीन. उठून गेला तर विषय संपला. भाची आता स्वतःच ‘एक, दोन, तीन, बाश’ म्हणते.

घरात नवं बाळ येणार असेल तर आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्या. बाळंतीण माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांनी परत येते. कुत्र्याच्या दृष्टीने त्याचं माणूस अचानक गायब झालं आणि आलं ते एक रडणारं काहीतरी घेऊन. म्हणून आधीपासून फिरायच्या वेळा बदला, बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाईलवर हळू आवाजात ऐकवा, बाळाची दुपटी हुंगू द्या. आणि परत येण्याच्या दिवशी आई आधी एकटी आत येऊ दे. तिला चाटून, नाचून झालं, तो निवला, की मग बाळ.

लालबाग-परळकरांनो, गणपतीचं वेगळं सांगायला हवं का? दहा दिवस ढोल-ताशा, फटाके, घरात पाहुण्यांची पोरं. ज्या कुत्र्याने वर्षभर कुणाला काही केलं नाही तो या दिवसांत घाबरलेला असतो. त्याला पहाटे गर्दीआधी फिरवून आणा. आरतीच्या वेळी फळीच्या आत, किंवा वरच्या मजल्यावर शेजारी ठेवून घेत असतील तर उत्तम. पाहुण्यांच्या मुलांना दारातच सांगा, ‘बंड्याला हात लावायचा नाही.’ राग आला तर येऊ दे. आणि पंचखाद्यातले मनुके कुत्र्याला विषारी असतात, प्रसाद त्याच्यापासून लांब.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐका. रेबीज. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतली साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसायला लागली की हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

म्हणून कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग बूस्टर, पुढे दरवर्षी. जंताचं औषध वेळेवर, कारण मूल जमिनीवरच खेळतं. महापालिकेचा परवाना काढा. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आणि चावला किंवा दात, नख लागून ओरखडा आला, तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते, आपल्या भागात केईएम आहे, नायर आहे. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. लसीचे सगळे डोस पूर्ण करा, मधेच सोडू नका. ‘घरचाच आहे, लस दिलेली आहे’ म्हणून घरी बसू नका. काय द्यायचं, काय नाही, ते डॉक्टर ठरवतील. आणि मुलांना सांगून ठेवा की ओरखडा आला तर लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही. मार बसेल या भीतीने मुलं लपवतात, आणि तिथे वेळ जातो.

तर एवढंच. दिवसभर मूल आजी-आजोबा सांभाळत असतील तर हा भाग आज संध्याकाळी त्यांना स्पीकरवर ऐकवा, कारण नियम सगळ्यांनी पाळला तरच चालतो. तुमच्या घरात कुत्र्याची जागा कुठे केलीत ते मला व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात ऐकवते. काळजी घ्या. भेटू!