अश्वांचे आरोग्य आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकाने केलेले भाषण)



आपल्या समाजात शोभायात्रेला 'वरघोडा' म्हणण्याची रीत आहे. ज्या मिरवणुकीच्या नावातच घोडा आहे, त्या घोड्याच्या प्रकृतीचा विचार मात्र क्वचितच होतो. मिरवणुकीत कोणी त्याला लाडू भरवितो, कोणी पोळी, तर कोणी ओंजळभर गूळ-चणे. भावना निर्मळ असते; परंतु या प्राण्याची शरीररचना न जाणता केलेली दया त्याच्या जिवावर बेतू शकते. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

घोड्याचे जठर लहान, साधारणतः ८ ते १५ लिटरचे असते आणि त्याला ओकारी करता येत नाही. दिवसभर थोडेथोडे गवत चघळावे, अशी निसर्गाने त्याची योजना केली आहे. एकाच वेळी भरपूर धान्य वा गोड पदार्थ पोटात गेले की ते आंबतात, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, घामाघूम होऊन लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी चारा काढून घ्यावा व तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. तोंडात बळजबरीने तेल किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.

अतिधान्याचा दुसरा परिणाम खुरांवर होतो. खुराच्या आतील नाजूक थर सुजतो, खूर गरम लागतात आणि घोडा भार मागे टाकून अवघडून उभा राहतो. हा विकार बळावल्यास जनावर कायमचे लंगडे होते. पावसाळ्यात ओल्या, घाणेरड्या जागी उभे राहिल्याने तळव्याचा मऊ भाग सडतो व दुर्गंधी येते. म्हणून खूर रोज साफ करावेत आणि सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून छाटून घ्यावेत.

खिळा लागून झालेली लहानशी जखमही घोड्याला धनुर्वाताने मारू शकते. त्याची लस अवश्य द्यावी. रक्त शोषणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप उलटून उलटून येतो, पाय व पोटाखाली सूज येते आणि जनावर खंगत जाते. नाकातून घट्ट स्राव व त्वचेवर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही. म्हणून शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. घास चावून तोंडातून खाली पडत असेल, तर दातांच्या धारदार कडा तपासून घ्याव्यात.

४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुका चारा आणि २५ ते ४० लिटर स्वच्छ पाणी लागते. उन्हाळ्यात व श्रमानंतर पाण्याची गरज आणखी वाढते. विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४० आणि शरीराचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. माणसाच्या मापाने त्याचा ताप मोजू नये.

अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे, हे अहिंसाव्रताचे अतिचार आपण जाणतो. १९६५ च्या केंद्रीय नियमांनीही ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक, विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक, तसेच तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास मनाई केली आहे.

तेव्हा माझी नम्र विनंती अशी की, पुढील वरघोडा ऊन चढण्यापूर्वी पूर्ण व्हावा. मार्गात घोड्यांसाठी सावली आणि पाण्याची टाकी असावी. घोडा ठरविताना त्याचे खूर, जखमा आणि लसीकरण पाहावे. तसेच त्याला मिठाई भरविण्याची हौस असणाऱ्यांनी तेच द्रव्य त्याच्या चाऱ्यासाठी द्यावे. मुके जनावर आपले दुःख बोलून दाखवीत नाही. ते ओळखण्याचे ज्ञान आपणच मिळविले पाहिजे.



जय जिनेंद्र!