दुखणे एकाचे, भाषा दुसऱ्याची



शरीराच्या वैद्याला नाडी तरी हाती लागते. मनाच्या वैद्याची सारी भिस्त रोग्याच्या बोलण्यावर. आणि आपले सोलापूर असे की, एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड, पलीकडे उर्दू. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. मागाच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली. त्यांच्या कितीतरी घरांत आजही तेलुगूच चालते.

पूर्वभागातली एक विडी वळणारी बाई डोळ्यांपुढे आणा. तिला रात्र रात्र झोप नाही. मनोवैद्य विचारतो, "उदास वाटते का?" ती नाही म्हणते. "गुंडे दडा," एवढेच सांगते. म्हणजे काळीज धडधडते. दुःख तिला मनात सापडत नाही, छातीत सापडते. यात ती अडाणी ठरत नाही. 'जीव वरखाली होतो' असे आपणही म्हणतोच की!

बरे, दुभाष्या कोण? बरोबर आलेला बारा वर्षांचा मुलगा. नवरा दारू पिऊन मारतो, हे ती त्याच्या तोंडून कसे वदवणार? मुलगा म्हणतो, "आईला झोप येत नाही." गोळ्या मिळतात, आणि खरी गोष्ट तिच्याबरोबर घरी परत जाते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला कळेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. चांगलेच झाले. पण सांगणे निराळे, ऐकणे निराळे. शब्द एकच असला तरी फसगत होते. आपण 'बेजार' म्हणतो तेव्हा त्रासून गेलेलो असतो. कानडी माणसाच्या 'बेजारु'त दुःख असते, कंटाळा असतो, मन दुखावल्याची सलही असते. ऐकणाऱ्याने आपलाच अर्थ गृहीत धरला की निदान चुकले.

अमेरिकेतले मनोवैद्य आर्थर क्लाइनमन यांनी यावर साधा उपाय सुचविला: रोग्यालाच विचारा, या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशाने आले? त्यात भीती कशाची वाटते? कोणी म्हणेल, बाहेरची बाधा आहे. म्हणू द्या. वैद्य तिथे हसला, तर तो रोगी पुन्हा यायचा नाही.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहू दिले. आपल्याकडे माणूस घरादारासकट आजारी पडतो, हे त्यांनी ओळखले. पण आपल्या त्या बाईचे दुखणेच घरातले! तिला एकटीलाच भेटले पाहिजे. म्हणून 'तेलुगू माणसे अशी, लिंगायत तशी' असे ठोकताळे मला मानवत नाहीत. तिचीच नात उद्या मराठी शाळेतून येईल आणि आजीची भाषा तिला जेमतेम कळेल.

याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तेथल्या रोग्यांची भाषा शिकले. त्यांना तर जखमा शिवायच्या होत्या! आपल्या डॉक्टरांना पूर्वभागापर्यंतच जायचे आहे. तेलुगू शिकेपर्यंत एवढे तरी करावे: मुलाला बाहेरच्या बाकावर बसवावे, आणि तेलुगू जाणणारी एखादी परिचारिका बोलवावी. मात्र ती त्या बाईच्या गल्लीतली नसावी.