चर्चेतील नेमून दिलेली कामे



२०२० साली शाळा-महाविद्यालयांची दारे मिटली आणि आम्हां शिक्षकांना वर्ग पडद्यावर भरवावे लागले. लेखी चर्चेसाठी आम्ही गट पाडले. झाले काय? दोघे लिहीत, तिसरा 'सहमत आहे' एवढे टाकून मोकळा होई, बाकीचे मौनी! एका मुलीच्या घरी एकच फोन. तो तिच्या हाती येई रात्री, चर्चा विझल्यावर.

बेल्जममधील गेंट विद्यापीठात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. तेथे विद्यार्थ्यांना कामे नेमून दिली. कोणी विषयाला तोंड फोडावे, कोणी चर्चा चालती ठेवावी, कोणी सिद्धान्ताकडे लक्ष वेधावे, कोणी संदर्भ हुडकावेत, कोणी सारांश काढावा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सारांशकार वरचढ ठरला, संदर्भ हुडकणारा मागे पडला. आम्हांला याचे नवल वाटत नाही. सारांश काढणाऱ्यास सर्वांचे वाचावेच लागते; बाहेरून माहिती आणून ओतणाऱ्याचे कोणाचेही न वाचता भागते.

म्हणून त्या मुलीला आम्ही सारांशाचे काम दिले. उशीर हीच तिची सोय झाली. पण ते काम तिच्याकडेच ठेवण्याची चूक आम्ही केली. तिचे स्वतःचे मत आम्ही विचारलेच नाही. भूमिका आरंभी द्याव्यात व हळूहळू काढून घ्याव्यात, हे गेंटच्याच पुढील अभ्यासात हितकर दिसले होते. तो आम्ही मागाहून वाचला. त्याआधीच एका रात्री तिने लिहिले, "आज मी सारांश लिहिणार नाही. मला विरोध करायचा आहे."