ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आपल्याला गाणे ऐकावे कसे हे शिकविले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून आज मी गाण्याच्या मालकीविषयी थोडे बोलणार आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यापुढे गायन केले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासाभराचा राग तेवढ्यात बसवावा लागे. यंत्र कंपनीचे, विक्रीची व्यवस्थाही कंपनीची. साहजिकच कोणाचा आवाज टिकावा हेही तीच ठरवी. हा अधिकार जाचक होता, तरी त्याचे उपकारही विसरता येत नाहीत. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उचलीत असत.

ऐंशीच्या दशकात कॅसेटने जुनी मक्तेदारी मोडली आणि टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या पुढे आल्या. २००५ साली यूट्यूब सुरू झाले. आज आपला विद्यार्थी सकाळी मोबाइलवर मुद्रित केलेले गाणे संध्याकाळी जगापुढे ठेवू शकतो. मग कंपन्यांचे दिवस सरले काय? तसे झालेले नाही. २०१९ साली यूट्यूबवर सर्वाधिक सदस्यसंख्या मिळविली ती टी-सीरिजच्याच वाहिनीने.

बदलली आहे ती कंपनीची भूमिका. पूर्वी ती गायक शोधी आणि मग त्याला श्रोते मिळवून देई. आता गायकाने समाजमाध्यमांवर स्वतःच्या कष्टाने श्रोते जमवावेत, आणि ते जमले की कंपनीने करार घेऊन यावे, असा प्रकार पुष्कळदा दिसतो. ती भांडवल देते, जाहिरात करते. मोबदल्यात बहुधा मूळ मुद्रणाचा हक्क मागते. जुन्या गाण्याचा तुकडा एखाद्या चित्रफितीला जोडला गेला, तर त्याचे शुल्क त्या हक्काच्या धन्याला मिळते.

या हक्काचे मोल अमेरिकेतील टेलर स्विफ्ट यांच्या उदाहरणावरून कळते. २०१९ साली त्यांची जुनी कंपनी विकली गेली, तेव्हा पहिल्या सहा गीतसंग्रहांची मूळ मुद्रणेही परक्या हाती गेली. त्यांनी २०२१पासून त्यातले चार संग्रह पुन्हा गाऊन प्रसिद्ध केले. अखेर २०२५ साली मूळ मुद्रणे विकत घेतली. एवढे सामर्थ्य आपल्या गावच्या गायकाकडे कोठून असणार? आपल्याकडे २०१२च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले, हे स्वागतार्ह आहे. परंतु कायदा सही करणाऱ्याचा हात धरीत नाही.

म्हणून येथे बसलेल्या तरुण गायकांना माझी विनंती आहे. करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : मूळ मुद्रण कोणाच्या नावे राहणार? किती वर्षे? उत्पन्नाचा हिशेब कोण आणि केव्हा देणार? उत्तरे कागदावर मिळाल्याविना लेखणी उचलू नका. गुरुजींनी दिलेली विद्या अजाणतेपणी गहाण पडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.