परसातली विटांची भट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवते. यंदा चिटणीसबाईंनी धरूनच ठेवले, "तुमच्या त्या पिझ्झाच्या भट्टीचे सांगा, बायका विचारतात." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

विटांची भट्टी आपल्या सावंतवाडीच्या माणसांना नवी नाही. पलीकडे गोव्यात पोदेर घुमटाच्या भट्टीत लाकडे जाळून पाव भाजतात. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. आमच्या मुलाने मला इटलीतल्या पाँपेई गावाची चित्रे दाखवली. इ. स. ७९ मध्ये ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. खणून काढले तेव्हा पाव भाजण्याच्या तशाच घुमटी भट्ट्या निघाल्या. तिथून जवळच नेपल्स शहर, पिझ्झा तिथला. २०१७ साली युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची वारसा म्हणून नोंद केली. आमच्या घरी मात्र पिझ्झा यायचा तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून, गार आणि चिवट. मी म्हटले, आपणच बांधू. भिशी लागली होती, ते पैसे काढले. हे म्हणाले, "चूल आहे, गॅस आहे, आता आणखी तिसरे कशाला?" सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, तेवढे मी होकारात धरले.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पहिली भट्टी बांधली. चिऱ्यांचे जोते, त्यावर स्लॅब, स्लॅबवर विटांचा तळ आणि वर घुमट. गवंड्याने घराची भिंत बांधावी तसे नुसत्या सिमेंट-वाळूत काम केले. मलाही त्यातले काही कळत नव्हते. आठ दिवस वाळू द्या एवढे मात्र तो बजावून गेला होता. पण धाकटीचा वाढदिवस तिसऱ्या दिवशी. मी सकाळीच भरपूर लाकडे घालून जाळ केला. तासाभराने आत फटाका वाजावा तसा आवाज झाला, माथ्यापासून तोंडापर्यंत तडा गेला आणि दोन विटा खाली पडल्या. धाकटी तोंडाशी वाकून बघत होती. ह्यांनी तिला मागे ओढले म्हणून निभावले, तरी एक निखारा उडून तिच्या मनगटाला चटका बसलाच. ती खूण अजून आहे. त्या रात्री मी जेवले नाही. हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

दोन महिने तिकडे फिरकले नाही. मग पावसात ती मोडकी भट्टी भिजताना पाहून वाटले, पैसे गेले ते गेले, निदान का फुटली ते तरी समजून घ्यावे. मुलाने शोधून वाचून दाखवले, ओळखीच्या एका पोदेराकडे जाऊनही विचारले. ओल्या गाऱ्यात आणि विटांत पाणी असते. एकदम जाळ केला की त्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती फोडून बाहेर येते. शिवाय साधे सिमेंट फार तापले की त्याचा जोर जातो.

दिवाळीनंतर दुसऱ्यांदा बांधली. या वेळी गवंड्याच्या हाताखाली घमेले घेऊन मी स्वतः उभी होते. ज्यांना बांधायची आहे त्यांनी हे नीट ऐका. आमच्या भट्टीचा व्यास आतून तीन फूट आणि घुमटाची उंची दीड फूट. तोंड घुमटाच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवायचे, म्हणजे आमचे अकरा इंच आणि वर थोडे. जास्त उंच केले की उष्णता निघून जाते, ठेंगणे केले की धूर आत कोंडतो. तळाला भट्टीच्या विटा, ज्यांना फायर ब्रिक म्हणतात, त्याच घातल्या. घुमटाला गावच्याच, पण पक्क्या भाजलेल्या विटा चालल्या. गारा असा: वाळू तीन घमेली आणि सिमेंट, चुना व फायर क्लेची माती एकेक घमेले. तळाखाली या वेळी रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि भोवती भाताच्या तुसाची राख मातीत कालवून भरली. नाहीतर सगळी उष्णता खालचा स्लॅब पिऊन टाकतो आणि पिझ्झा वर करपतो, खाली कच्चा राहतो. घुमटासाठी तळावर ओल्या वाळूचा ढीग रचला, त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रे आणि त्यावर विटा. आतल्या बाजूला वीट विटेला चिकटलेली आणि फट बाहेरच्या बाजूला, असे करत वर नेले. आठवड्याने तोंडातून वाळू उपसली तेव्हा माझे हात थरथरत होते. घुमट उभा राहिला.

मग सात दिवस रोज थोडा थोडा जाळ. पहिल्या दिवशी चार करवंट्या, बस. रोज बाहेरून हात लावून ओल बघायची. आमच्याकडच्या पावसाला वर पत्र्याची शेड हवीच, कारण भिजलेली भट्टी तापवली तर पुन्हा तडा.

आता भांडणाची गोष्ट. ती सांगायला शेजारच्या काकींनीच परवानगी दिली आहे, त्या पुढे बसल्या आहेत. २०२३ च्या मे महिन्यात मी ओली सोडणे आणि झावळ्या जाळल्या. धुराचा लोटच्या लोट काकींच्या अंगणात. तिथे आंब्याची साठे वाळत घातलेली, तीन दिवसांची मेहनत, सगळी काळी. काकी तोंडावर बोलल्या ते सोडा, नंतर महिनाभर बोलल्याच नाहीत, ते जास्त लागले. चूक माझीच. तेव्हापासून वर्षभर शेडमध्ये वाळलेली आंब्याची आणि आकेशियाचीच लाकडे जाळते. रंगवलेले लाकूड किंवा प्लायवुड कधीच नाही, त्याचा धूर विषारी. आणि पेटवायच्या आदल्या दिवशी कुंपणावरून हाक मारते.

दीड-दोन तास जाळ केला की घुमटाची काजळी आतून जळून पांढरी होते. मग निखारे एका बाजूला सारायचे, तळ ओल्या फडक्याच्या काठीने पुसायचा आणि चिमूटभर पीठ टाकून बघायचे. लगेच काळे झाले तर थांबायचे. नेपल्सवाले साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा काढतात. माझा दोन मिनिटे घेतो आणि कडेला एक डाग पडतोच. पण खरी भट्टी पुढे आहे. पिझ्झा झाल्यावर पाव, पावानंतर नानकटाई, आणि झाकण लावून ठेवली तर सकाळीही आत ऊब असते. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लागला आणि काकींची आमसुले अर्धी ओली राहिली. त्या स्वतःच सूप घेऊन आल्या. मी काही विचारले नाही, सूप आत सरकवले. सकाळपर्यंत चांगली सुकली.

आता येत्या रविवारी भट्टी पेटवणार आहे. नानकटाईचे ताट आणायचे असेल त्यांनी दुपारी तीनच्या आत आणावे आणि ताटाला नाव लावावे, मागच्या वेळी अदलाबदल झाली होती.